कृष्णधवल उमेदवार

वसंतराव पानसे यांच्या घरात गेले दोन महिने कोणाला गरम पोहे मिळाले नव्हते. ताटली आली की वसंतराव ती आधी खिडकीत नेत, मग दारात, मग तुळशीच्या कट्ट्यावर. लिंबाची फोड डावीकडे सरकवत, कोथिंबिरीचे एक पान उचलून परत तिथेच ठेवत आणि शेवटी कॅमेरा घेऊन पोटावर आडवे होत. तोवर सौदामिनीबाईंनी केलेला दुसरा चहाही थंड झालेला असे.

"अहो, पोहे खायचेत का त्यांचं लग्न जमवायचंय?" त्यांनी एकदा विचारले.

"प्रकाश बघ, प्रकाश! धडा सहा!" वसंतराव जमिनीवरूनच म्हणाले.

ही धड्यांची भानगड सांगायला हवी. बंगलोरला नोकरी करणाऱ्या शौनकने दिवाळीत वडिलांना डिजिटल कॅमेरा आणून दिला आणि 'बाबा, आता सगळं इंटरनेटवर शिकायला मिळतं' असे एक वाक्य बोलून तो परत गेला. मुलांनी आईबापांशी बोलताना थोडा विचार करावा. भोरमधल्या एका सरकारी कचेरीत सव्वीस वर्षे काढलेल्या हेडक्लार्कला शिकणे एकाच प्रकारचे ठाऊक असते. हौशी छायाचित्रकारांसाठी जगात जिथे जिथे जे जे फुकट लिहिलेले होते, ते वसंतरावांनी मोहसीनच्या सायबर कॅफेत बसून छापून घेतले. दोनशे चौदा पाने झाली. त्यांना भोके पाडून, लाल नाडी बांधून त्यांची फाइल केली, धड्यांना क्रमांक दिले आणि महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्या. फोटोचा धडा आणि शासन निर्णय यांत त्यांनी कधी फरक केला नाही. लिहिले आहे म्हणजे करायचे, का ते विचारायचे नाही.

धडा तीन सांगत होता, की माणूस फोटोच्या मधोमध ठेवू नये. त्यामुळे घरातल्या सगळ्या फोटोंत सौदामिनीबाई कडेला, नुकतेच कोणीतरी हाकलल्यासारख्या उभ्या असत आणि मधोमध ऐसपैस भिंत असे. शिवाय एका परदेशी संकेतस्थळावर हौशी लोकांनी आपापले फोटो टाकायचे आणि बाकीच्या हौशी लोकांनी त्यांना मार्गदर्शन करायचे, अशी सोय होती. म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची, फक्त इंग्रजीत. तिथे त्या भिंतीची दोनदा स्तुती झाली. सौदामिनीबाईंबद्दल कोणी काही बोलले नाही.

अशा या तयारीच्या माणसाला आता फक्त एक गिऱ्हाईक हवे होते, आणि ते कचेरीतच चालत आले. शिपाई गेनू रजेचा अर्ज घेऊन टेबलाशी उभा राहिला.

"साहेब, आठ दिवस रजा पायजे. आई ग्रामपंचायतीला उभी ऱ्हायलीया. आन् तिचा फोटो काढाया जलीलभाईकडं जायाचंय, तर आज वाईच लवकर सोडा."

"जलीलकडे?" वसंतरावांनी अर्जावर टेकवलेले पेन उचलले. "मी असताना?"

गेनूने पेनाकडे पाहिले. मग सही नसलेल्या अर्जाकडे पाहिले. शिपायाच्या नोकरीत शहाणपण लवकर येते.

"तुमीच काढा की साहेब," तो म्हणाला. रजा मंजूर झाली.

गेनूची आई बनाबाई वेल्हे तालुक्यात पासली गावाच्या वरच्या अंगाला टेपाचीवाडीत राहायची. तीन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीतला वाडीचा सदस्य मानसिंग याने त्या वाडीला पाण्याची टाकी बांधून दिली होती. टाकी सुरेख होती. रंग निळा होता, त्यावर मानसिंगचे नाव हातभर अक्षरांत होते, फक्त आत पाणी नव्हते. बनाबाई दर ग्रामसभेत उठून हे सांगायची आणि दर ग्रामसभेत मानसिंग तिला खाली बसवायचा. या वेळी वाडीची जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा मानसिंगने बायकोला उभे केले आणि बनाबाई आपली आपणच उभी राहिली. ती निवडून आली तर टाकीची चौकशी लागणार, पडली तर वाडीतल्या बायका आणखी पाच वर्षे ओढ्यावरून हंडे वाहणार. मामला एवढा सरळ होता.

रविवारी वसंतराव फाइलीसह वाडीत पोचले. बनाबाई हिरवेगार लुगडे नेसून, जावेची नथ घालून, अंगणात खुर्चीवर दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसली होती. असा फोटो जलीलभाईने दोन मिनिटांत काढला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती. वसंतरावांनी आधी खुर्ची काढून घेतली. मग तिला उंबऱ्यावर बसवून अर्ध्या तोंडावर सावली पाडली.

"कॅमेऱ्याकडे बघू नका," ते म्हणाले. "लांब बघा. वर. भविष्याकडे."

"तिकडं म्हशी हायत्या, साहेब."

"म्हशींच्या पलीकडे बघा."

"पलीकडं मानसिंगची टाकी हाय."

"मग टाकीकडे बघा!"

बनाबाईने टाकीकडे पाहिले आणि तिच्या तोंडावर तीन वर्षांचे दुःख उतरले. वसंतरावांनी बटण दाबले. फोटो, खरे सांगायचे तर, चांगला आला होता. तिथेच थांबता आले असते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परदेशी मंडळींपुढे टाकला, आणि कॅनडातल्या एका निवृत्त दंतवैद्याने कळवले, की रंग काढून टाका, रंगांमुळे लक्ष विचलित होते. धडा अकरामध्येही हेच होते, लाल रेघेसह. हिरवे लुगडे राखी झाले, नथ काळी झाली, आणि आभाळ पांढरे फटक पडले.

फ्लेक्सची ऑर्डर घेऊन पुण्याला पाठवायचे काम जलीलभाई करायचे. एसटी स्टँडसमोर त्यांचा वडिलांपासूनचा स्टुडिओ होता. त्यांनी संगणकावर फोटो उघडला आणि चष्मा पुसला.

"साहेब, कलर राहू द्या."

"का?"

"माझ्याकडं असा फोटो लोक एकाच कामाला करून नेतात. आणि खाली दोन तारखा टाकतात."

"जलीलभाई, तुम्ही फोटोग्राफी शिकलात कुठे?"

"वडलांच्या हाताखाली. डार्करूममधी."

"मग बरोबर," वसंतराव मायेने म्हणाले. "अंधारातून आता बाहेर या. आणि हे बघा, बाई एका कडेला, बाकी दोन भाग जागा मोकळी. अक्षरं खाली, बारीक. निवडणुकीचं चिन्ह कोपऱ्यात. डोळ्याला विसावा पाहिजे."

तीस वर्षांत जलीलभाईंनी गिऱ्हाइकाशी वाद घातला नव्हता. त्यांनी ऑर्डर लिहून घेतली.

मतदान रविवारी होते. आधीच्या गुरुवारी सकाळी गेनू जीप घेऊन धावतपळत वाडीत आला. उत्रोलीला दिलेली त्याची बहीण अवघडलेली होती आणि तिच्या कळा सुरू झाल्या होत्या. पण हे तो घरात शिरून बोलला. बाहेर वाडीला ऐकू आले ते एवढेच, "आई, चल, दवाखान्यात चल!" मग वाडीने पाहिले, की बनाबाई पांढऱ्या तोंडाने जीपमध्ये बसली आणि जीप धुरळा उडवत निघून गेली. वाडीत मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे पुढचे कोणाला काही कळायचा प्रश्न नव्हता.

बनाबाईचा चुलत दीर चिमाजी तिचा प्रचारप्रमुख होता. तो त्या वेळी वेल्ह्यात फ्लेक्सची वाट बघत होता, म्हणून त्याला जीपचे काहीच माहीत नव्हते. शुक्रवारी दिवस उगवताना तो फ्लेक्स घेऊन वाडीच्या फाट्यावर उतरला आणि दोन बांबूंवर त्याने तो ताणून बांधला. उमेदवाराचा फलक काय नुसताच उभा करायचा? त्याने नारळ फोडला, उदबत्ती लावली आणि झेंडूचा चांगला जाड हार बनाबाईच्या गळ्यात येईल असा बेताने अडकवला. खालची बारीक अक्षरे आणि कोपऱ्यातले चिन्ह हाराखाली झाकले गेले. मग तो समाधानाने पत्रके वाटायला खालच्या वाड्यांत गेला.

सात वाजताच्या एसटीला जाणारी माणसे फाट्यावर आली. समोर काळीपांढरी बनाबाई, नजर आभाळात, गळ्यात हार, पायाशी उदबत्ती. काल तिला जीपमधून दवाखान्यात नेलेले सगळ्यांनी पाहिले होते. दोनात दोन मिळवायला वेल्हे तालुक्यात कोणाला शिकवावे लागत नाही.

"गेली," एक म्हातारी खाली बसत म्हणाली. "टाकी टाकी करीत गेली गं माझी बाय."

एसटी त्या दिवशी रिकामीच गेली. दुपारी चिमाजी परत आला तेव्हा त्याच्या दारात पन्नास माणसे बसली होती. पाच घरांतून पिठलंभाकरी आली होती, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. चिमाजीला पाहताच बाया त्याच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. चिमाजीला आधी समजेना. पण एवढी माणसे रडतायत म्हणजे काहीतरी झालेच असणार, आणि ते आपल्यालाच कळलेले नसणार, असा त्याने विचार केला, आणि तो सगळ्यांत मोठ्याने रडला. मग कोणाला शंकाच उरली नाही.

बातमी कंडक्टरबरोबर भोरला पोचली आणि स्टँडवरून रस्ता ओलांडून जलीलभाईंकडे गेली. जलीलभाई दुकान लोटून थेट कचेरीत आले.

"साहेब, तुमच्या फोटोतल्या बाई गेल्या."

"गेल्या? कुठे?"

"देवाघरी. मी म्हटलं होतं, कलर राहू द्या."

वसंतरावांना क्षणभर खरोखर वाईट वाटले. मग त्यांना आठवले, की त्या बाईचा शेवटचा फोटो आपण काढलेला आहे, आणि त्या वाईट वाटण्यात थोडे बरे वाटणेही मिसळले. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, फाइल घेतली आणि वाडीची एसटी धरली. बनाबाई त्या वेळी कचेरीपासून पाचशे पावलांवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात, मांडीवर ताजी नात घेऊन बसली होती.

फाट्यावर उतरल्यावर वसंतरावांना आपला फलक प्रथमच पूर्ण आकारात दिसला. आणि हारासकट! धडा एकवीसमध्ये म्हटले होते, की भव्यता हवी असेल तर कॅमेरा जमिनीलगत न्या. वसंतराव कॅमेरा घेऊन फलकासमोर पालथे झाले.

मारुतीच्या देवळासमोर शोकसभेला जमलेल्या वाडीने हे लांबून पाहिले. भोरचा मोठा साहेब येतो आणि बनाबाईपुढे साष्टांग दंडवत घालतो! कॅमेरा त्यांच्या अंगाआड होता, तो कोणाला दिसला नाही. बायांनी नव्याने हंबरडा फोडला.

शोकसभा मानसिंगने बोलावली होती. त्याचा हिशेब चोख होता. मेलेल्या बाईचे कौतुक करायला काही पडत नाही, आणि तिच्या मागे रडणारी मते रविवारी कोणाकडे तरी जाणारच. पाच मिनिटे बोलायचे त्याने ठरवले होते. पण सरकारी माणूसच लोटांगण घालतो म्हटल्यावर पाच मिनिटांत कसे भागणार? त्याने शाल सावरली.

"बनाबाई बाई नव्हती," तो म्हणाला, "वाडीची आई व्हती!"

लोक रडले. मानसिंगला जोर आला.

"एसटी फाट्यापत्तूर आली ती कुणामुळं? लोकं म्हणत्यात मानसिंगमुळं. न्हाई! बनाबाईनं डेपोत जाऊन चार येळा अर्ज दिला, म्हणून आली!"

हे खरेच होते, पण आजवर वाडीत दोघांनाच ठाऊक होते. वसंतराव आता गर्दीत येऊन उभे राहिले होते. धडा तेवीसप्रमाणे नैसर्गिक भावना टिपायच्या म्हणून त्यांनी मानसिंगच्या तोंडावर कॅमेरा रोखला. आपण टिपले जातोय म्हटल्यावर मानसिंगच्या डोळ्यांतून खरे पाणी आले.

"आन् टाकी! टाकीत पानी न्हाई, आसं ती म्हणायची. आमी तिला खाली बसवलं. पन आज या मारुतीम्होरं सांगतो, ती माऊली खरं बोलत व्हती! पाइपच जोडल्याला न्हाई! तिच्या आत्म्याला शांती म्हणून यील त्या म्हैन्यात मी टाकीत पानी सोडतो. ह्यो मानसिंगचा शब्द हाय!"

याच सुमाराला दुधाचा टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून बनाबाई उतरली. हातात बर्फीचा पुडा होता. देवळापुढे गर्दी पाहून ती मागच्या बाजूने आली आणि बायांच्या शेवटच्या ओळीत टेकली. शेजारणीने न बघताच सरकून जागा दिली.

"कोन गेलं गं?" बनाबाईने हळूच विचारले.

"आपली बनाबाई," शेजारीण पदराने डोळे पुसत म्हणाली. मग तिने पदर खाली घेतला.

तिची किंकाळी खालच्या वाडीपर्यंत गेली म्हणतात. माणसे उठली, दोघे पळाले, चिमाजी सभेत आणून ठेवलेल्या पिठल्याच्या पातेल्यावर बसला. वसंतरावांच्या हातात कॅमेरा होता आणि समोर आयुष्यात एकदाच मिळणारा फोटो होता. पण नेमके त्याच वेळी ते फाइलीत, अचानक घडणाऱ्या प्रसंगांचा धडा किती नंबरचा, ते शोधत होते.

मानसिंग हात वर केलेल्या अवस्थेतच राहिला.

"थांबलास का रं मानसिंग?" बनाबाई म्हणाली. "चांगलं चाललं व्हतं की."

"बनाबाई... तू... आमाला वाटलं..."

"लेकीला लेक झाली. बर्फी घे." मग तिने सगळीकडे नजर फिरवली. "पाइप जोडल्याला न्हाई म्हणालास, न्हवं? म्या उतरता उतरता ऐकलं."

"ते मयताच्या आत्म्याला शांती म्हणून बोललो व्हतो," मानसिंग घाम पुसत म्हणाला.

"आन् जित्या आत्म्याला नगं व्हय शांती?" सकाळची म्हातारी कडाडली. "शब्द दिलाय मारुतीम्होरं!"

रडायला आलेल्या माणसांनी बर्फी खाल्ली, पिठलंभाकरीही संपवली आणि ती घरी गेली. रविवारी मतदान झाले. बनाबाईला वाडीची जवळजवळ सगळी मते पडली. मानसिंगच्या बायकोनेही तिलाच मत दिले असे बोलतात, आणि तिने ते कधी नाकारलेले नाही. महिनाभरात टाकीत पाणी आले. बनाबाई पुढे सरपंच झाली.

सगळ्यांत मोठा विजय अर्थात वसंतरावांचा झाला. "हारलेली जागा रंग काढून जिंकून दिली," असे ते कचेरीत सांगू लागले. पुढच्या वर्षी पंचायत समितीची निवडणूक लागली, तेव्हा मानसिंग स्वतः त्यांच्या दारात हजर झाला. या खेपेला जागा पुरुषांची होती.

"साहेब, माझा बी तसाच काढा. रंग काढून. वर बघतुया आसा."

"अवश्य! धडा अकरा."

"धडाबिडा तुमी बघा. फकस्त हार घालून फाट्यावर लावतो आन् दोन दिस किकवीला भनीकडं जाऊन बसतो. मागं काय व्हायचं ते व्हऊ द्या."

जलीलभाईंनी फोटो पाहिला, चष्मा पुसला आणि ऑर्डर लिहून घेतली. फलक लागला. हार मानसिंगने स्वतःच घातला आणि पहाटेची गाडी धरून तो किकवीला गेला. तिथे मोबाईलला रेंज होती. दोन दिवस त्याने तो हातात धरून ठेवला, पण एकही फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. मफलर तोंडाला गुंडाळून तो वाडीत आला, तर देवळासमोर खरोखरच सभा भरलेली! अख्खी वाडी बसली होती, आणि बोलायला सरपंच बनाबाई उभी होती. मानसिंगला भरून आले. तो भिंतीआड उभा राहून कान देऊन ऐकू लागला.

वाडीला तो किकवीत आहे हे पहिल्याच दिवशी कळले होते. चिमाजीने त्याला तिथे भजी खाताना पाहिले होते. पण मयताला दोन शब्द बोलायची रीत बनाबाई मोडणार नव्हती.

"आपला मानसिंग," तिने सुरुवात केली आणि ती थांबली. तिने टाकीकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, शाळेच्या पत्र्याकडे पाहिले. बोलायला ती कचरणारी बाई नव्हती, पण तिला खरोखरच पुढचे वाक्य सापडेना.

"कुनाला काय आठवतंय का त्याचं?" तिने शेवटी लोकांनाच विचारले. "चांगलं, म्हंजे."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणी डोके खाजवले, कोणी तंबाखू मळली. भिंतीआड मानसिंगने कानावरचा मफलर सरकवला.

"हाय की," ती म्हातारी सावकाश म्हणाली. "तू मेलीस तवा भाषन चांगलं केलं व्हतं त्यानं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढे मात्र खरे होते.